वरातीमागून घोडे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणिसांनी आम्हांस या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा ‘निवृत्तीनंतरचे आयुष्य’ हा विषय त्यांच्या मनात होता. ‘आम्ही प्रौढपणी घोड्यावर बसावयास शिकलो, त्याविषयी बोलू,’ असे आम्ही म्हणताच ते हसले आणि म्हणाले, ‘म्हणजे वरातीमागून घोडेच की हो!’ त्यांचा तो विनोद आम्ही शिरोधार्य मानून आजच्या भाषणास तेच नाव दिले आहे.

आपल्या घरांतून पुरुष घोड्यावर बसतो तो बहुधा आयुष्यात एकदाच. कपाळी मुंडावळ्या, पुढे वाजंत्री, लगाम दुसऱ्याच्याच हाती आणि आपण खोगिराची कड घट्ट धरून बसलेले. त्या घोड्यास आपण चालविले असे कोणीही म्हणणार नाही. आमची गोष्टही याहून निराळी नव्हती. लहानपणी माथेरानास गेलो असता तट्टावर बसलो होतो खरे, परंतु तेथेही दोरी घोडेवाल्याच्याच हाती होती.

आमच्या गावच्या जुन्या घरी माजघराच्या खुंटीला एक लोखंडी रिकीब टांगलेली असे. आमचे पणजोबा कचेरीच्या कामानिमित्त घोड्यावरून फिरतीवर जात, त्यांच्या खोगिराची ती उरलेली खूण. जोडीतली दुसरी कोठे गेली ते कोणास ठाऊक नव्हते. ‘मला घोड्यावर बसावयास शिकवा,’ असा हट्ट आम्ही सातव्या वर्षी वडिलांपाशी धरला. ‘आधी परीक्षा होऊ दे,’ असे ते म्हणाले. परीक्षा झाल्या, नोकरी लागली, संसार झाला, मुलींची लग्ने झाली. घर विकताना ती रिकीब तेवढी आम्ही पिशवीत घालून शहरात आणली. तिच्याकडे पाहून कधी कधी वाटे, आता काय उपयोग? ‘आता काय उपयोग’ हे शब्द आपण ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांच्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

छप्पन्नाव्या वर्षी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात शहराबाहेरील एका अश्वारोहणशाळेत चौकशीस गेलो. तेथील उस्ताद सैन्यातून निवृत्त झालेले दफेदार, मूळचे सातारा जिल्ह्यातील. वयाने आमच्याहून दहा वर्षांनी तरी धाकटे. आमची इच्छा ऐकून ते हसले नाहीत, की त्यांनी वाखाणणीही केली नाही. त्यांनी आमचे वजन विचारले. चौऱ्याऐंशी किलो. मग त्यांनी हिशेब सांगितला : स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भार त्याच्या पाठीवर पडू नये, हा सर्वसाधारण दंडक. त्यांच्याकडील शिकाऊ स्वारांचे घोडे चारशे किलोंच्या आसपास, म्हणजे सारे मिळून ऐंशी किलो. ‘साहेब, बारा किलो कमी करून या. डॉक्टरांना पाठ आणि रक्तदाब दाखवा, धनुर्वाताची लस टोचून घ्या. घोडा कुठे जात नाही.’

सहा महिने आम्ही पहाटे चाललो आणि रात्रीचा भात सोडला. घरच्या मंडळींना वाटले, हा नाद एवढ्यात विरेल. बहात्तर किलो भरताच आम्ही पुन्हा उस्तादांपुढे उभे राहिलो.

पहिल्या दिवशी घोड्यावर बसावयास मिळेल ही आमची कल्पना चुकीची ठरली. हाती आला तो खरारा. घोडी बारा वर्षांची, तांबूस रंगाची आणि स्वभावाने शांत. तिच्याजवळ कसे जावे हाच पहिला धडा होता. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्याने त्यास जवळजवळ सभोवार दिसते. न दिसणाऱ्या जागा दोनच : कपाळाच्या अगदी समोरची आणि शेपटीच्या नेमकी मागची. म्हणून अचानक मागून जाऊ नये. बोलत बोलत, डाव्या खांद्याच्या बाजूने जावे आणि मानेवर हात ठेवावा. घोडा हा मूळचा भक्ष्य होणारा प्राणी, भय वाटले की पळावयाचे ही त्याची हजारो वर्षांची रीत. त्याचे कान पाहावेत. ते आपल्याकडे वळले तर त्याचे लक्ष आपल्याकडे आहे, मागे चपटे पडले तर तो रागावला आहे. आठ दिवस आम्ही खरारा केला, खुरांतील माती काढली, तोबरा भरला, लीद उचलली. आयुष्यभर ज्याच्या टेबलावर दुसऱ्याने कागद आणून ठेवले, त्या माणसास हे सोपे गेले असे आम्ही म्हणणार नाही.

नवव्या दिवशी खोगीर चढले. तंग आवळल्यावर उस्तादांनी घोडी चार पावले चालविली आणि तो पुन्हा आवळला, कारण पुष्कळ घोडी तंग बांधताना पोट फुगवितात आणि मागाहून तो सैल पडतो. डोक्यावर टोप, पायांत टाचेचे बूट. टाच नसेल तर पाऊल रिकिबीतून आरपार सरकते, आणि स्वार पडलाच तर पाय अडकून फरफटत जातो. डाव्या बाजूने चढावयाचे. तलवार डाव्या कमरेस लटके, म्हणून उजवी तंगडी वरून टाकावयाची ही रीत पडली, असे सांगतात. आम्ही एका चौथऱ्यावर उभे राहून कसेबसे चढलो.

खालून पाहताना घोडे एवढे उंच वाटत नाही. वर बसल्यावर जमीन फार लांब गेली, असे आम्हांस वाटले. लहान मुलास पडण्याची कल्पना नसते, प्रौढास ती असते. आपले हाड मोडले तर किती महिने लागतील, दवाखान्याचे बिल किती होईल, घरी कोणास त्रास पडेल, हे सारे तो त्या एका क्षणात मोजतो. आम्ही तेच केले. गुडघे आवळले, खांदे कानांपर्यंत चढविले, श्वास रोखला आणि लगाम ओढून धरला. घोडी गोंधळली आणि मागे सरू लागली.

‘साहेब, लगाम धरून बसायचं नसतं,’ उस्ताद म्हणाले, आणि त्यांनी लगाम आमच्या हातून काढूनच घेतला. पुढचे तीन आठवडे आमच्या हाती लगाम नव्हता. उस्ताद रिंगणाच्या मध्यभागी लांब दोरी धरून उभे, घोडी त्यांच्याभोवती गोल फिरते आहे, आणि आम्ही दोन्ही हात पसरून वर बसलेलो, असा तो देखावा असे. लगामाचे लोखंड घोड्याच्या तोंडात जेथे बसते तेथे दात नसतात, नाजूक हिरडी असते. ज्याची बैठक स्थिर नाही तो तोल सावरण्यासाठी लगामास लोंबकळतो आणि त्याच्या भीतीची शिक्षा घोड्याच्या तोंडास होते. म्हणून आधी बैठक, मग लगाम.

या बैठकीस आपल्या भाषेत मांड म्हणतात. ‘मांड पक्की’ हा शब्दप्रयोग आपण सर्वांनी ऐकला आहे, आणि मांड पक्की करणे म्हणजे मांड्या आवळणे असाच आमचा समज होता. अनुभव उलटा आला. मांड्या आणि गुडघे आवळले की शरीर चिमट्यातून निसटणाऱ्या वस्तूसारखे वर उचलले जाते आणि दर पावलास आपटते. पाय मोकळे लोंबू द्यावेत, टाच खाली, नजर घोड्याच्या मानेवर न ठेवता समोर दूर, आणि भार सरळ बैठकीवर. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यावी. आम्हांस हे पहिल्या दिवशीच तोंडपाठ झाले. शरीरास कळावयास सात आठवडे लागले. प्रौढ माणसाचे घोडे पेंड खाते ते येथेच : त्यास समजते लवकर, आणि समजले म्हणजे आले असे तो धरून चालतो.

घोड्याच्या साध्या चालीत चार पाय चार वेगळ्या ठेक्यांत पडतात. तीत बसणे फारसे अवघड नाही. दुडकीत एका कोपऱ्याचा पुढचा व दुसऱ्या कोपऱ्याचा मागचा असे दोन पाय जोडीने पडतात. ठेके दोनच, पण हिसका मोठा. या ठेक्यावर स्वाराने एकदा उठावयाचे, एकदा बसावयाचे. आमच्याबरोबर त्या वर्गात नऊ ते तेरा वर्षांची पाच मुले होती. दहा दिवसांत ती सारी दुडकीवर उठबस करू लागली. आम्ही मात्र उठावयाच्या वेळी बसत होतो आणि बसावयाच्या वेळी उठत होतो. एक नऊ वर्षांची मुलगी कठड्याशी उभी राहून मोठ्याने ठेका मोजू लागली : ‘आजोबा, एक-दोन, एक-दोन!’ तिच्या मनात खोडी नव्हती, तिला खरोखरच मदत करावयाची होती. पण तिची आई, इतर पालक, मोतद्दार, सारे पाहत होते. त्या दिवशी घरी येताना उद्यापासून जाऊ नये असे आम्ही जवळजवळ ठरविले होते. अंग दुखत होते म्हणून नव्हे. चौतीस वर्षे ज्यास कोणी चूक दाखविली नाही, त्यास नऊ वर्षांच्या मुलीने ती दाखविली, हे कारण.

दुसऱ्या दिवशी गेलो. त्या मुलीस आम्हीच म्हणालो, ‘मोज बरे पुन्हा.’ तिने मोजले. साधारण पंधरा दिवसांनी एका सकाळी आम्ही मोजणे विसरलो आणि शरीर आपोआप उठू बसू लागले.

पडलोही. लगाम हाती आल्यानंतरच्या एकोणिसाव्या दिवशी कठड्यावरून एक कापड उडाले, घोडी बाजूस झेपावली आणि आम्ही डाव्या कुशीवर मातीत. उस्तादांनी प्रथम डोके, मान, खांदा तपासला, बोटे हलवून पाहावयास सांगितले, नाव आणि वार विचारला. सारे ठीक आहे अशी खात्री झाल्यावर म्हणाले, ‘आता फक्त दोन फेऱ्या, साध्या चालीनं.’ त्या दोन फेऱ्या मारताना आमचे पाय थरथरत होते. आज विचार करता वाटते, त्या दिवशी न बसता घरी गेलो असतो तर पुन्हा कधी गेलो नसतो. मात्र ज्याच्या डोक्यास मार लागला आहे त्याने ही हौस करू नये. त्याने थेट डॉक्टरांकडे जावे.

आज तिसरे वर्ष चालू आहे. शांत घोड्यावर आम्ही दौडीपर्यंत जातो. अडथळ्यावरून उडी मारीत नाही आणि मारणारही नाही. घोडा आमच्या मालकीचा नाही. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचे घोडे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद असे. आम्ही बारगीरच आहो, आणि त्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

आपणांपैकी कोणी म्हणतील, या वयात शिकून तुम्ही कोणते मैदान मारले? कोणतेही नाही. परंतु शरीर आणि वय यांविषयी आपण जे सहज बोलून जातो ते तपासून पाहावे, यासाठी दोन उदाहरणे सांगतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली, त्या गरोदर असताना, पोलिओ झाला. गुडघ्यांखालचे पाय कायमचे गेले. त्यांनी बसणे, चालणे आणि मग घोड्यावरची बैठक हे सारे नव्याने शिकून घेतले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, स्त्रियांना अश्वचालनाच्या ‘ड्रेसाज’ या स्पर्धेत प्रथमच प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनी रौप्यपदक मिळविले. १९५६ साली पुन्हा मिळविले. घोड्यावर चढताना आणि उतरताना त्यांस दुसऱ्याचा आधार लागे. जपानचे हिरोशी होकेत्सु १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरले होते, आणि २०१२ साली लंडनला, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पुन्हा उतरले. ही दोघेही पूर्वीपासून निष्णात, आमच्यासारखी नवखी नव्हेत. तरीही पाय गेल्यावर बाईने काय करावे, सत्तरी ओलांडल्यावर पुरुषाने काय करावे, हे त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी ठरविले असते तर काय झाले असते, एवढेच आपण मनाशी आणावे.

आता ज्यासाठी आम्ही उभे राहिलो ते सांगतो.

आम्ही या संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीवर नऊ वर्षे होतो. आपल्या नियमाप्रमाणे शिक्षणसाहाय्य पंचवीस वर्षांच्या आतील व्यक्तीसच मिळते. आम्ही घोड्यावर बसण्यापूर्वी दोन वर्षे, आपल्याच ज्ञातीतील एका भगिनीचा अर्ज आला. वय त्रेचाळीस. पतीचे निधन झालेले, दोन मुले शिकणारी. संगणकावरील हिशेबलेखनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यांस करावयाचा होता. रक्कम मोठी नव्हती. नियमावर बोट ठेवून आम्ही अर्ज नाकारला. तेवढे करून थांबलो असतो तर दोष नियमाचा म्हणता आला असता. पण त्या समोर बसल्या असता आम्ही म्हणालो, ‘ताई, आता या वयात हे शिकून काय उपयोग? मुलांकडे लक्ष द्या.’ त्यांनी कागदाची घडी घातली, नमस्कार केला आणि त्या गेल्या. बैठकीतील कोणासही त्यात वावगे वाटले नाही. आम्हांसही नाही.

ज्या दिवशी त्या मुलीने आमचा ठेका मोजला आणि आम्ही घरी न येण्याचे निमित्त शोधीत परतलो, त्या रात्री ते वाक्य आम्हांस आठवले. आम्हांस निवृत्तिवेतन होते, हौस होती, आणि शिकविणारा उस्ताद होता, ज्याने ‘उपयोग काय’ असे एकदाही विचारले नाही. तरी एका लहानशा फजितीने आमचे मन मोडत होते. त्या भगिनीपाशी यांतील काय होते?

आम्ही त्यांचा पत्ता शोधून घरी गेलो आणि क्षमा मागितली. त्यांनी चहा केला. म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, मी पतपेढीचं कर्ज काढून शिकले. आता नोकरीही आहे. पैसे मिळाले नाहीत याचं काही वाटलं नाही, नियम होता. पण तुम्ही बोललात ते मला खरं वाटलं. सहा महिने मी तो अर्ज पुन्हा उघडला नाही.’

सहा महिने. रुपयांचा हिशेब संस्थेच्या वहीत निघेल, पण या सहा महिन्यांचा हिशेब कोणत्या वहीत लिहावयाचा? त्यांच्या संमतीने, नाव न घेता, ही हकीकत आज येथे सांगत आहो. आणि अशा आणखी किती जणी, किती जण, नियम ठाऊक असल्याने अर्जच न करता घरी राहिले असतील, ते आपणांपैकी कोणासही सांगता येणार नाही.

म्हणून या सभेपुढे आमची विनंती अशी आहे. शिक्षणसाहाय्याच्या नियमातील पंचवीस वर्षांची अट काढून टाकावी. तरुण विद्यार्थ्यांच्या वाट्यास धक्का लागू नये, यासाठी प्रौढांकरिता निराळा निधी उभारावा. अर्जदाराची गरज, अभ्यासक्रमाचा दर्जा आणि त्याची तयारी समितीने अवश्य तपासावी. आमच्या उस्तादांनीही आमचे वजन तपासलेच होते, आणि काय करून यावे तेही सांगितले होते. आम्ही मात्र त्या भगिनीस नुसतेच परत पाठविले. या निधीस पहिली देणगी म्हणून आमच्या एका वर्षाच्या अश्वारोहणाच्या शुल्काएवढी रक्कम आम्ही आजच चिटणिसांच्या स्वाधीन केली आहे. येते वर्षभर आम्ही आठवड्यातून तीन दिवसांऐवजी एकच दिवस घोड्यावर बसू. घोडीची हरकत नसावी.

आणि ज्यांस आमच्याप्रमाणे घोड्यावरच बसावयाचे असेल, त्यांनी भाषण संपल्यावर अवश्य भेटावे. वजन, बूट, टोप आणि डॉक्टर यांविषयी आम्हांस ठाऊक आहे तेवढे सांगू. ती जुनी रिकीब आता आमच्या दाराशी खुंटीस आहे. ती वापरण्याजोगी राहिलेली नाही, लोखंड गंजले आहे. पण सकाळी बूट घालताना तिच्याकडे नजर जाते.

ठराव आजच्या सर्वसाधारण सभेच्या कामकाजात शेवटच्या क्रमांकावर आहे. जेवणाची पंगत तयार असली तरी तोपर्यंत मंडळींनी बसून राहावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.